कासवाचं पिल्लू असं का वागतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट क्लिअर करते, इथे सगळं जमिनीवरच्या कासवांबद्दल आहे, म्हणजे सल्काटा, लेपर्ड, हरमन, ग्रीक, रशियन, रेड-फूट ही मंडळी. पाण्यातल्या कासवांचं गणितच वेगळं आहे, ते इथे लावू नका. आणि पिल्लू म्हणजे साधारण पहिली तीन-चार वर्षं. माझ्याकडे हरमन आहे, नाव गोट्या, तो अगदी नखाएवढ्या पायांचा होता तेव्हापासून, त्यामुळे खाली मधेमधे त्याचं नाव येईल.

कासव स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरून घेतं. म्हणून त्याचं वागणं बदललं की "याला काय झालं" हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न "आज तिथे टेम्परेचर किती आहे" हा.

नवीन आणलंय, आठवडा झाला नुसतं लपून बसलंय. घाबरलंय का?

हो, आणि त्याने घाबरायलाच हवं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचं, कवच अजून पूर्ण कडक झालेलं नसतं, पक्षी, मुंगूस, उंदीर, जो येईल त्याच्यासाठी ते खाणंच असतं. आई राखण करायला नसते, कासवीण अंडी पुरून निघून जाते. मग जगायचा एकच उपाय, कुणाला दिसायचं नाही. तुमच्या घरी धोका नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, ते त्याला हळूहळू कळेल, दोन-तीन आठवडे धरून चला.

या काळात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आपण सारखं उकरून बाहेर काढून बघतो त्याने. रोज एकदा कोमट पाण्यात बसवायला उचला, खाण्यासमोर ठेवा आणि बाजूला व्हा. बऱ्याचदा खोलीत कुणी नसताना ते येऊन खाऊन गेलेलं असतं, पानाच्या कडेला त्रिकोणी चावा दिसला की समजा आलं होतं. पण टेम्परेचर बरोबर असूनही आठवडाभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, व्हेटला दाखवा. मोठं कासव उपाशी राहू शकतं म्हणून पिल्लूही राहील असं नसतं, त्याच्याकडे साठाच कमी असतो.

मान टाकून, चारही पाय मागे पसरून झोपतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं मेलं!

हा मेसेज मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रात्री येतो. दिव्याखाली असं पसरलेलं कासव हे खूश कासव आहे. पायाची आणि मानेची कातडी उघडी टाकली की ऊब आणि युव्हीबी प्रकाश (उन्हातले अतिनील किरण) जास्त मिळतो. शिवाय ज्याला भीती वाटते ते मान आत घेऊन झोपतं, मान बाहेर टाकून झोपणं म्हणजे तुमच्या घरावर विश्वास बसलाय.

पिल्लं झोपतातही खूप. सकाळी ऊब घ्यायची, खायचं, एक फेरी मारायची, परत झोप, संध्याकाळी थोडं फिरायचं की रात्रीची झोप. किती तास झोपतं ते मोजत बसू नका, उठल्यावर कसं असतं ते बघा. चालताना पोट जमिनीपासून उचललेलं असावं, पायाला हात लावला की जोरात आत ओढावा, डोळे भरलेले आणि उघडे असावेत. पाय लुळे पडतायत, डोळे खोल गेलेत किंवा उघडतच नाहीत, कोमट पाण्यात ठेवलं तरी हालचाल नाही, तर ती झोप नव्हे, लगेच व्हेट.

काचेच्या टँकमध्ये ठेवलंय, दिवसभर काचेला पाय घासत भिंतीवर चढायला बघतं. कंटाळलंय का?

काच ही वस्तू कासवाच्या डोक्यात बसत नाही. पलीकडचं दिसतंय म्हणजे तिकडे जाता येणार असा त्याचा सरळ हिशोब, आणि कासव हा प्राणी अडथळा आला म्हणून परत फिरणारा नाही, ते ढकलत राहतं. म्हणून पहिला उपाय अगदी साधा, बाहेरून खालच्या दहा-पंधरा सेंटीमीटर भागाला अपारदर्शक कागद चिकटवा. बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम इथेच निम्मा होतो.

उरलेला निम्मा शोधावा लागतो. जागा छोटी असेल, कारण चार सेंटीमीटरचं पिल्लूसुद्धा दिवसात भरपूर अंतर चालतं. सगळीकडे एकसारखं गरम असेल, म्हणजे एक कोपरा गरम आणि दुसरा गार असं नसेल तर ते गार जागा शोधत फिरत राहतं आणि ती मिळतच नाही. दिव्याखाली ३२ ते ३५ डिग्री आणि दुसऱ्या टोकाला २४-२५ असं बहुतेक जातींना चालतं, रेड-फूटला थोडं कमी, आणि हे टेम्परेचर कवचाच्या उंचीवर मोजायचं, भिंतीवर वर लटकवलेल्या थर्मामीटरवर नाही. लपायला जागा नसेल तरीही असंच होतं. गोट्याने एकदा चक्क बारा दिवस एकाच कोपऱ्यात पाय घासले, मी माती बदलली, खाणं बदललं, काही फरक नाही, शेवटी लक्षात आलं की साफसफाई करताना त्याचं लपायचं लाकूड मी उजवीकडून डावीकडे सरकवलं होतं. परत जागेवर ठेवलं, त्याच संध्याकाळी बंद.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कासवाचे रस्ते ठरलेले असतात. दिवा इथे, पाणी तिथे, झोप त्या कोपऱ्यात. आपण मांडणी बदलली की आपल्याला छान वाटतं, त्याला मात्र गाव हरवल्यासारखं होतं.

सारखं डोकं वरखाली करतं आणि गळा हलतो. फिट वगैरे?

नाही, वास घेतंय. गळ्याखालची कातडी आतबाहेर होते तेव्हा नाकातून हवा खेळवली जाते, नवीन पान, नवीन माती, तुमचा हात, सगळ्याची अशी आधी चौकशी होते. रेड-फूटची पिल्लं तर यात पटाईत. मोठ्या नरांमध्ये डोकं हलवणं म्हणजे मादीची चौकशी किंवा दुसऱ्या नराला दम, पण ते पुढचं. फक्त हे बघा की गळा हलताना तोंड उघडं आहे का. मान लांब करून, तोंड उघडून श्वास, नाकातून बुडबुडे, शिट्टीसारखा किंवा टिकटिक आवाज, हे छातीच्या इन्फेक्शनचं लक्षण आहे. कासवाला छाती आणि पोटाच्या मधला श्वासपटल नसतो, ते खोकून कफ बाहेर काढू शकत नाही, त्यामुळे "बघू दोन दिवस" हे इथे चालत नाही. अधूनमधून एखादी जांभई मात्र नॉर्मल.

जांभईवरून आठवलं, एकाची जांभई बघून दुसऱ्या कासवाला येते का यावर रेड-फूट कासवांवर खरोखर संशोधन झालंय, उत्तर नाही असं आलं, आणि त्याला २०११ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

काल जे पान आवडीने खाल्लं त्याच्याकडे आज बघतसुद्धा नाही. नखरे का?

नखरे असतातच, पण आपणच शिकवलेले. एकदा गोड फळ दिलं की दुसऱ्या दिवशी गवताला तोंड कोण लावणार. गवत-पाला खाणाऱ्या जातींना, म्हणजे सल्काटा, लेपर्ड, हरमन वगैरेंना, फळ लागतच नाही, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी त्याने बिघडते. रेड-फूट फळं खातं, त्याची गोष्ट वेगळी.

उपाय असा की नावडतं पान आवडत्यात अगदी बारीक चिरून मिसळायचं आणि रोज थोडं थोडं प्रमाण वाढवायचं. हाताने भरवू नका, प्लीज. सुरुवातीला गोड वाटतं आणि नंतर ते हात दिसल्याशिवाय खातच नाही. दुसरं कारण म्हणजे गारवा. पोटातलं पचायला ऊब लागते, दिवा रात्रीत गेला असेल तर सकाळी ते खाणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे कारण गार पोटात पान तसंच सडत बसतं. तेव्हा नखरे म्हणण्याआधी दिव्याखाली हात धरून बघा.

माझ्या पायाचं बोट चावलं! रागावलंय?

नखाला लाल रंग होता ना? कासवांना रंग फार छान दिसतात, आपल्यापेक्षा जास्त, आणि लाल-पिवळं म्हणजे फूल किंवा पिकलेलं फळ असा त्यांचा अंदाज. यात राग नाही, भूक आहे. लाल बटण, पिवळी रबरबँड, चप्पलचा पट्टा, सगळं तोंडात जाऊ शकतं म्हणून जमिनीवर सोडण्याआधी तिथलं सगळं उचला. रबर गिळलं तर आतडं अडकतं.

माती खातं, बारीक दगड खातं आणि, सांगायला कसंतरी वाटतं, स्वतःची शी पण खातं.

कसंतरी वाटून घेऊ नका, सगळ्यांचं खातं. शी खाण्यामागे बहुधा पोटातले जिवाणू मिळवणं हे कारण आहे, जंगलातही पिल्लं खातात. माती थोडीफार चाटणं नॉर्मल. पण रोज ठरवून दगड आणि वाळू गिळत असेल तर कॅल्शियम किंवा इतर खनिजं कमी पडतायत का बघा. कटलबोन म्हणजे आपला समुद्रफेस त्याच्यासमोर ठेवून द्या, लागेल तेव्हा ते कुरतडतं, चोचही झिजते. आणि कॅल्शियम दिलं तरी ते हाडात जायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, त्यासाठी युव्हीबी. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही, काच युव्हीबी अडवते. युव्हीबीची ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचा युव्हीबी कमी होत जातो, सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते, ट्यूब कोणती आहे त्यावर. कोरडी सैल वाळू खाली घालू नका, एवढं ऐका.

उचललं की फुस्स करतं.

आवाज रागाचा नाही. डोकं आणि पाय झटकन आत घेतले की आत जागा उरत नाही, फुफ्फुसातली हवा बाहेर फेकली जाते, तोच आवाज. वरून हात आणू नका, पक्ष्यासारखा वाटतो. बाजूने, त्याला दिसेल असा आणा, फुस्स कमी होत जातं.

हातात घेतल्यावर शू केली, सोबत पांढरं चिकट काहीतरी आलं.

शू म्हणजे भीती. जंगलात शिकाऱ्याने उचललं तर मूत्राशय रिकामं करून सुटायचं असा तो डाव आहे, पण कासवासाठी ते साठवलेलं पाणी असतं, म्हणून उगाच सारखं उचलू नका आणि असं झालंच तर नंतर कोमट पाण्यात बसवा. पांढरं म्हणजे युरेट, शरीराने शूसोबत बाहेर टाकलेला टाकाऊ क्षार. टूथपेस्टसारखं मऊ असेल तर ठीक. खडूसारखं, वाळूसारखं खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय. पिल्लांना रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. तिथे ते पितं आणि बहुतेक वेळा तिथेच शी करतं, तेही नॉर्मल, पाणी लगेच बदला.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, कवचावर उंचवटे येतात ना, ज्याला पिरॅमिडिंग म्हणतात, ते आधी जास्त प्रोटीनमुळे होतं असं सगळे सांगायचे. २००३ साली सल्काटाच्या पिल्लांवर अभ्यास झाला आणि त्यात दिसलं की कोरड्या हवेचा परिणाम प्रोटीनपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यामुळे पिल्लू सारखं कुंडीखाली, ओल्या मातीत घुसत असेल तर त्याला ओलावा हवाय, त्याला उकरून दिव्याखाली आणून ठेवणं म्हणजे त्याचा शहाणपणा मोडून काढणं.

ब्रशने पाठ घासली की मागची बाजू हलवून नाचतं. कवचाला कळतं?

कळतं! कवच म्हणजे चिलखत नाही जे काढून ठेवता येईल, पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या असतात, वर जिवंत थर, त्यावर केराटीनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच्या, चकत्या. स्पर्श नीट कळतो. काही कासवं हलून हलून घासून घेतात, काही पाय उंच करून मान लांब करून स्तब्ध उभी राहतात. गॅलापागोसची मोठी कासवं तर फिंच पक्षी आले की अशीच उंच उभी राहतात आणि पक्षी त्यांच्या कातडीवरच्या गोचिडी टिपतात. सगळ्यांना आवडतं असं नाही, मान आत गेली की थांबा. आणि या कवचाला भोक पाडून दोरी बांधणारे लोक अजूनही आहेत, ते हाडाला भोक पाडतायत, हे कुणी करताना दिसलं तर शांतपणे पण नक्की सांगा.

दोन पिल्लं आहेत, एकमेकांवर चढून झोपतात, एक दुसऱ्याच्या मागे मागे फिरतं. किती प्रेम!

इथे मला थोडं कडू बोलावं लागतं. ते प्रेम नाही. जी जागा सगळ्यात चांगली, दिव्याखालची किंवा ओली, ती दोघांनाही हवी असते म्हणून एक दुसऱ्यावर चढतं. मागे मागे फिरणं म्हणजे हुसकावणं. समोर येऊन बसणं, खाणं दुसऱ्याच्या पुढून घेणं, सगळं तेच. कुत्र्यासारखं भुंकणं-चावणं नसल्याने आपल्याला भांडण दिसत नाही, पण दबणारं पिल्लू हळूहळू खाणं सोडतं, वाढ थांबते, आणि एक दिवस मालक विचारतात की एक एवढं मोठं आणि एक एवढंसंच कसं. २०१८ साली नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवर एक अभ्यास आला, त्यात अनोळखी पिल्लू भेटलं की ती आधी एकमेकांकडे बघतात आणि मग अंतर वाढवतात असं दिसलं. जन्मतःच एकटं राहणारे जीव आहेत हे.

म्हणून "एकटं कंटाळेल, जोडी आणू" असं कृपा करून करू नका. दोन आधीच असतील तर वेगळ्या पेट्या, वेगळे दिवे. जागाच नसेल तर मधे फळी, जिच्या पलीकडचं अजिबात दिसणार नाही अशी. वेगळं केल्यावर आठवडाभरात दबलेलं पिल्लू कसं खुलतं ते बघा, मी हे दोन मैत्रिणींच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय आणि दोघींनाही वाईट वाटलं की आधी का नाही केलं.

उलटं पडलं होतं, किती वेळ ते माहीत नाही.

सरळ करा, हळू, आणि गार जागी ठेवून श्वास आणि चालणं बघा. पिल्लं चढतात आणि पडतात, बहुतेक वेळा मान आणि पाय लावून स्वतःच सरळ होतात. ज्यांचं कवच उंच घुमटासारखं असतं त्यांना त्या आकाराचाच फायदा होतो. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ग्योम्ब्योत्स नावाचा एक आकार बनवला जो कसाही ठेवला तरी आपोआप सरळ होतो, आणि तारा कासवाचं कवच त्याच्या खूप जवळ जातं. (तारा कासव २०१९ पासून साईटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद, कुणी विकायला आणलं तर घेऊ नका, आणि कुठलंही कासव पाळण्याआधी आपल्या ठिकाणचा कायदा बघा.) खरा धोका दिव्याखाली उलटं पडण्याचा. पोटाकडून तापतं, निघता येत नाही, अशाने पिल्लं जातात. दिव्याखाली चढाव, गुळगुळीत फरशी, उंच दगड काही ठेवू नका.

थंडीचे दिवस आले आणि एकदम मंद झालंय, दिवा चालू असूनही.

जातीवर अवलंबून आहे. हरमन, ग्रीक, रशियन ही कासवं थंडीत निद्रेत जाणारी, घरात दिवा असला तरी दिवस लहान झाल्याचं, खिडकीतला प्रकाश बदलल्याचं त्यांना कळतं. सल्काटा, लेपर्ड, रेड-फूट निद्रेत जात नाहीत, ती मंद झाली तर गारठलीत असं समजा. पिल्लाला पहिल्या वर्षी निद्रेत पाठवू नका असंच मी सांगेन, वजन आणि तब्येत व्हेटकडून तपासल्याशिवाय तर नाहीच. सगळ्यात वाईट अवस्था मधली, म्हणजे झोपायला पुरेसं गार नाही आणि पचायला पुरेसं गरम नाही. दिव्याचे तास वाढवून बारा-तेरा करा, खोली गार असेल तर उष्णता वाढवा, गोट्या चार-पाच दिवसांत परत मार्गी लागतो.

दोन-तीन वर्षं गुणी होतं, आता बूट दिसला की धडक मारतं!

वाढतंय. कासवाचं वयात येणं वर्षांपेक्षा आकारावर ठरतं, त्यामुळे भराभर वाढलेलं लवकर येतं. नर असेल तर धडका, पायाला चावे, दगडावर चढणं, आणि कधीकधी शेपटीतून काहीतरी काळपट जांभळं बाहेर येतं ज्याने लोक प्रचंड घाबरतात, ते त्याचं लिंग असतं, थोड्या वेळात आपोआप आत जातं, तासाभरात गेलं नाही किंवा सुजलं तर व्हेट. मादी असेल तर मागच्या पायांनी खड्डे करायला लागते, नर नसतानाही अंडी होऊ शकतात. बऱ्याच जातींत नर की मादी हे अंडी उबताना टेम्परेचर किती होतं त्यावर ठरतं आणि लहानपणी बाहेरून कळत नाही, त्यामुळे नाव बदलायची वेळ बऱ्याच घरांत येते.

याच वयात उलटही होतं, लाजाळू पिल्लू धीट होतं. आता त्याला लपायची तेवढी गरज नाही, कवच कडक झालंय. सल्काटा असेल तर या वयात खणणं सुरू होतं आणि ते थांबत नाही, मोठं झाल्यावर ते ४०-५० किलोचं होऊन कित्येक फूट बीळ करतं. हे आणण्याआधी माहीत असायला हवं होतं असं खूप जण मला लिहितात.

बदल नॉर्मल आहे की आजार, ओळखायचं कसं?

वजनावरून. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, भिजवण्याआधी, किचनच्या डिजिटल काट्यावर, आणि वहीत लिहायचं. सोबत एक ओळ, काय खाल्लं, शी झाली का, काही नवीन केलं का. एखाद्या आठवड्याला दोन ग्रॅम खाली गेलं तर काही नाही, सलग तीन आठवडे खाली जात असेल तर बाकी सगळं छान दिसत असलं तरी दाखवा. कासव आजार लपवतं, काटा लपवत नाही. आणि हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू निरोगी कासवाच्या अंगावरही असतो, घरात लहान मुलं असतील तर जास्तच.

ते मला ओळखतं का?

खाणं आणणारी आकृती तर नक्की ओळखतं. त्याहून जास्त किती, हे मी छातीठोकपणे नाही सांगणार, पण कासवाला लक्षात राहत नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका. व्हिएन्नाच्या प्राणीसंग्रहालयातल्या मोठ्या कासवांना रंगीत लक्ष्य चावायला शिकवलं होतं, नऊ वर्षांनी परत तपासलं तर लक्ष्य चावायचं हे ती विसरली नव्हती, ठरलेला रंग मात्र परत शिकावा लागला. रेड-फूट दुसऱ्या कासवाला बघून अडथळ्याला वळसा घालायला शिकतं हेही दाखवलं गेलंय. आणि २०२० सालचा एक अभ्यास आहे, अंड्यातून नुकतीच आलेली, कुणाचाही चेहरा न पाहिलेली पिल्लं चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या आकृतीकडे जास्त जातात.

गोट्या पहिलं दीड वर्ष माझी सावली पडली की आत जायचा. मग कधीतरी मान बाहेर ठेवून बघत राहायला लागला. आता सकाळी दिवा लागायच्या आधी मी खोलीत आले की तो लाकडाखालून बाहेर येतो, खाणं हातात नसलं तरी येतो, आणि पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबतो.